फॉरमॅट मारलं आणि नेट गेलं? आधी नेटवर्क कार्डाचा नंबर काढा

रात्री साडेनऊला भाच्याचा फोन. "मामा, दुकानातला कॉम्प्युटर फॉरमॅट मारला. विंडोज नीट चालतंय, पण नेटच नाही. ड्रायव्हर तीनदा टाकला, दरवेळी म्हणतंय डिव्हाइस सापडत नाही."

तालुक्याच्या गावी दाजींचं झेरॉक्सचं दुकान आहे. २०१०च्या आसपास जोडून घेतलेला कॉम्प्युटर, त्यावर विंडोज ७, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑनलाइन फॉर्म भरायला पोरं येणार. भाच्याने काम तसं शिस्तीत केलं होतं. माळ्यावरून मदरबोर्डचा खोका काढला, त्यावरचं मॉडेल मोबाइलवर शोधलं, त्याच बोर्डाचा लॅन ड्रायव्हर (वायरचं नेट विंडोजकडून चालवून घेणारं छोटं सॉफ्टवेअर) उतरवला आणि पेनड्राइव्हने दुकानात आणला. एकच गोष्ट तो विसरला. तीन वर्षांपूर्वी वळवाच्या पावसात केबलवाल्याच्या वायरीतून वीज आत शिरली होती आणि बोर्डावरचं लॅन पोर्ट जळलं होतं. तेव्हा मागच्या खाचेत वेगळं लॅन कार्ड बसवून घेतलं होतं. म्हणजे ड्रायव्हर जळलेल्या पोर्टाचा आणि वायर दुसऱ्याच कार्डात.

जुन्या मशीनच्या पोटात काय आहे ते खोक्यावरून, बिलावरून किंवा कॅबिनेटवरच्या स्टिकरवरून ठरवू नका. दहा-बारा वर्षांत कोणी काय बदललंय ते घरच्यांनाही आठवत नाही. प्रत्येक कार्डाच्या आत त्याचा स्वतःचा नंबर असतो आणि ड्रायव्हर नसतानाही कार्ड तो सांगतं. तो आधी काढायचा, मगच डाउनलोडच्या मागे लागायचं.

फॉरमॅट अजून मारलं नसेल तर

मग तुम्ही नशीबवान. चालू असलेला ड्रायव्हर आत्ताच बाहेर काढून ठेवा. विंडोज ७ वर 'डबल ड्रायव्हर' नावाचं छोटं मोफत टूल हे काम करतं: स्कॅन करायचं, नेटवर्कच्या ओळींवर टिक करायची, बॅकअप घ्यायचा. विंडोज १० मध्ये ही सोय आतच आहे, 'पीएनपीयूटिल' ही कमांड ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये उतरवून देते. तो फोल्डर सी ड्राइव्हवर ठेवू नका, फॉरमॅटमध्ये तोच आधी जातो. डी ड्राइव्हवर एक प्रत, पेनड्राइव्हवर एक. ही पाच मिनिटं घालवली असतीत तर खालचं निम्मं वाचायची वेळ आली नसती.

नंबर कसा काढायचा

डेस्कटॉपवरच्या किंवा स्टार्ट मेन्यूतल्या 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे 'सिस्टम टाइप'समोर ३२ बिट लिहिलंय की ६४, ते कागदावर लिहून घ्या. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर बसत नाही, उलटंही नाही. याला पळवाट नाही.

त्याच खिडकीत डाव्या बाजूला 'डिव्हाइस मॅनेजर' आहे. तो उघडला की झाडासारखी यादी दिसते. ड्रायव्हर नसलेली कार्डं 'अदर डिव्हाइसेस'खाली पिवळं चिन्ह लावून बसलेली असतात. वायरवाल्याचं नाव बहुधा 'इथरनेट कंट्रोलर' आणि वायफायवाल्याचं 'नेटवर्क कंट्रोलर'. या दोन नावांत नवखा माणूस हमखास गोंधळतो.

त्या ओळीवर डबल क्लिक करा. पहिल्याच पानावर एक कोड दिसेल. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेला नाही, एवढंच. कोड २२ म्हणजे कार्ड कोणीतरी बंद करून ठेवलंय, राइट क्लिक करून 'एनेबल' केलं की झालं. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण कार्ड सुरू होत नाही. तिथे बहुतेकदा ड्रायव्हर चुकीचा असतो, क्वचित कार्डच गेलेलं असतं. कोड ५२ला खाली वेगळा परिच्छेद दिलाय, कारण त्याने मला एकदा अख्खा रविवार खाल्ला.

आता 'डिटेल्स' टॅबवर जा आणि वरच्या ड्रॉपडाउनमधून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. चार-पाच लांबलचक ओळी येतील. सगळ्यात वरची वाचा. तिच्यात 'व्हीईएन'नंतर चार खुणा असतात, ती कार्डाच्या चिपची कंपनी. मग 'डीईव्ही'नंतर चार खुणा, ते मॉडेल. शेवटी 'आरईव्ही'नंतर दोन खुणा, ती त्या मॉडेलची आवृत्ती. यूएसबीत खोचायचं वायफाय असेल तर हेच 'व्हीआयडी' आणि 'पीआयडी' या नावांनी दिसतं.

फोनवर वाचून दाखवताना घोळ होतो तो इथे. या नंबरांत अक्षरं फक्त ए ते एफ एवढीच येतात. ओ नसतोच. गोल काही दिसलं की ते शून्य. बी आणि ८ मात्र डोळे फाडून बघा. सगळ्यात उत्तम म्हणजे स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा.

भाच्याने वाचलं, "एक, शून्य, ई, सी."

"खेकडा आहे," मी म्हटलं.

तो गप्प. मग कॅबिनेटचं झाकण काढायला लावलं. मागच्या कार्डावरच्या काळ्या चिपवर टॉर्च मारली तर खरंच बारीकसा खेकडा छापलेला. तैवानच्या रिअलटेक कंपनीचं ते चिन्ह. आपल्याकडच्या जोडून घेतलेल्या जुन्या कॉम्प्युटरांत हा खेकडा इतक्या ठिकाणी सापडतो की १०ईसी हा नंबर मला पाठच झालाय.

बाकीचेही थोडे ओळखीचे करून घ्या. ८०८६ म्हणजे इंटेल. १९७८ साली आलेल्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच तो आकडा. १४ई४ ब्रॉडकॉम, ११एबी मार्वेल, ११०६ व्हिया, १०३९ सिस, १०डीई एनव्हिडिया. अ‍ॅथेरोसचे दोन: वायरवाल्याला १९६९ आणि वायफायला १६८सी. रिअलटेकमध्ये ८१३९ हे जुनं, १०० एमबीपीएसचं कार्ड. ८१३६ पण १००चंच, ते लॅपटॉपमध्ये जास्त दिसतं. ८१६८ मात्र गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचं.

दुकानातलं कार्ड ८१६८ निघालं. तुम्ही म्हणाल, हे तर विंडोज ७ला आपलं आपण ओळखता यायला हवं. ओळखतं, पण पहिल्या काही आवृत्त्याच. विंडोज ७ आलं २००९ मध्ये आणि त्यानंतरही ही चिप त्याच नंबराने नव्या आवृत्त्यांत निघत राहिली. भाच्याच्या कार्डाच्या 'आरईव्ही'पुढे १५ होतं, म्हणजे बऱ्याच नंतरचं. नंबर ओळखीचा असूनही ड्रायव्हर वेगळा आणावा लागतो तो असा.

यादीत कार्डच दिसत नाही

कधी कधी पिवळं चिन्हही नसतं, इथरनेट नावाची ओळच नसते. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जा आणि 'ऑनबोर्ड लॅन' असं काही आहे का बघा. ते 'डिसेबल्ड' असेल तर विंडोजला कार्ड दिसणारच नाही. वेगळं कार्ड बसवलेलं असेल तर कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, कार्ड एकदा उपसून परत घट्ट बसवा. सोनेरी दातांवर काजळी धरली असेल तर शाळेतलं पांढरं खोडरबर हलकं फिरवा. हसू नका, निम्म्या वेळा यानेच काम होतं.

पोर्टाजवळचे बारीक दिवेही बघा. वायर लावल्यावर एकही लागत नसेल तर आधी दुसरी वायर, मग राउटरचं दुसरं पोर्ट. त्यानंतर हे करून बघा: कॉम्प्युटर बंद करा, मागची पॉवर केबल ओढून काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, मग परत जोडा. लॅन कार्डाला कॉम्प्युटर बंद असतानाही थोडी वीज मिळत असते आणि ते कधी कधी अर्धवट झोपेत अडकतं. अशा वेळी नुसतं रीस्टार्ट करून ते जागं होत नाही.

एवढं करूनही दिवे नाहीत आणि पावसाळ्यात वीज कडाडल्याची आठवण आहे, तर पोर्ट गेलं समजा. नवं कार्ड घ्या.

नेट नाही, मग ड्रायव्हर आणायचा कुठून

ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही. यातून अँड्रॉइड फोन सोडवतो. फोन डेटा केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. विंडोज फोनलाच लॅन कार्ड समजतं आणि नेट येतं. फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट पुढे जातं, मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. केबल नुसती चार्जिंगची असेल तर हे चालणार नाही, हे आधी तपासा.

विंडोज १० वर हे लगेच होतं. विंडोज ७ कधी अडतं आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'आरएनडीआयएस' नावाची पिवळ्या चिन्हाची ओळ दाखवतं. तिथे 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउज माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक' असं जात 'नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स' निवडा. कंपन्यांच्या यादीत मायक्रोसॉफ्ट, आणि त्याखाली 'रिमोट एनडीआयएस'ने सुरू होणारी ओळ. विंडोज इशारा देईल, 'येस' म्हणा.

ते जमलं नाही तर फोनवर फाइल उतरवून केबलने कॉपी करा किंवा शेजारच्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हने आणा. पेनड्राइव्ह काळ्या पोर्टात लावा. निळी पोर्टं यूएसबी ३ची असतात आणि ताज्या विंडोज ७मध्ये त्यांचा ड्रायव्हर नसतो.

ब्रँडेड लॅपटॉप असेल तर आधी त्या कंपनीच्या सपोर्ट पानावर जा आणि तळाच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर टाका. जोडून घेतलेल्या मशीनला चिपच्या कंपनीची साइट, म्हणजे रिअलटेक, इंटेल वगैरे. दोन्हीकडे काही सापडलं नाही तर 'मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग' नावाची मायक्रोसॉफ्टची साइट आहे. तिच्या शोधपट्टीत तुमची हार्डवेअर आयडी टाकायची, ओळीच्या सुरुवातीच्या 'पीसीआय'पासून 'डीईव्ही'च्या चार खुणांपर्यंत. जे येईल त्यातून आपलं विंडोज आणि आपले बिट बघून घ्या. फाइल 'कॅब' प्रकारची येते. डबल क्लिक केली की उघडते, आतलं सगळं निवडून एका फोल्डरमध्ये काढा.

गुगलवर ड्रायव्हरचं नाव टाकलं की वरच्या चार-पाच निकालांत 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी सॉफ्टवेअरं येतात. माझं मत स्पष्ट आहे: लावू नका. एक ड्रायव्हर हवा असतो, ती वीस शोधून दाखवतात, पैसे मागतात आणि जाताना ब्राउझरचं होमपेज बदलून जातात. हिरव्या रंगाचं सगळ्यात मोठं डाउनलोड बटण हे बहुतेकदा जाहिरात असतं.

बसवणं

हा भाग सोपा आहे. झिप फाइल आधी पूर्ण उघडून घ्या, झिपच्या आतून सेटअप चालवू नका. 'सेटअप' नावाची फाइल असेल तर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'.

सेटअप नसेल, नुसत्या 'आयएनएफ' आणि 'सिस' प्रकारच्या फाइली असतील तरी घाबरू नका, खरा ड्रायव्हर तोच असतो. डिव्हाइस मॅनेजरमधल्या पिवळ्या ओळीवर राइट क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउज माय कॉम्प्युटर', फोल्डर दाखवा आणि 'इन्क्लूड सबफोल्डर्स'ची टिक राहू द्या. मला तर हाच रस्ता जास्त आवडतो, कारण सेटअपसोबत येणारी फालतू युटिलिटी यात येत नाही. चुकीचा बसला तर त्याच ओळीवर 'अनइन्स्टॉल' करताना 'डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर'वर टिक करा, नाहीतर रीस्टार्टनंतर विंडोज तोच पुन्हा लावून मोकळं होतं.

आता कोड ५२. हा सांगतो की ड्रायव्हरची डिजिटल सही तपासता आली नाही. ताजं टाकलेलं, अपडेट न केलेलं विंडोज ७ जुन्या पद्धतीची सही ओळखतं आणि अलीकडचे ड्रायव्हर नव्या पद्धतीने सही केलेले असतात. ड्रायव्हर बरोबर, कार्ड बरोबर, बिट बरोबर, तरी पिवळं चिन्ह जात नाही. मी त्या रविवारी ड्रायव्हर बदलत बसलो होतो, दोष विंडोजचा होता. उपाय दोन. एक, त्याच कार्डाचा जुना ड्रायव्हर शोधा, २०१५च्या आधीचा असेल तर उत्तम. दोन, सर्व्हिस पॅक १ असलेल्या विंडोज ७ वर मायक्रोसॉफ्टच्या दोन अपडेट टाका: आधी केबी ४४९०६२८, मग केबी ४४७४४१९. दोन्ही त्याच कॅटलॉगवर मिळतात. मग रीस्टार्ट.

ड्रायव्हर बसला, तरी नेट नाही

घड्याळाजवळच्या नेटवर्कच्या चिन्हावरून 'नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर', तिथून 'चेंज अ‍ॅडॅप्टर सेटिंग्ज'. कार्डाच्या चिन्हावर डबल क्लिक करून 'डिटेल्स' बघा. आयपी अ‍ॅड्रेस १६९.२५४ने सुरू होत असेल तर याचा अर्थ, राउटरने पत्ता दिलेला नाही आणि विंडोजने स्वतःच काहीतरी लावून घेतलंय. 'प्रॉपर्टीज'मध्ये आयपी व्हर्जन ४ निवडून दोन्ही ठिकाणी 'ऑटोमॅटिकली' आहे ना बघा. पत्ता १९२.१६८ असा काही असेल तर राउटरपर्यंत रस्ता मोकळा आहे. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग ८.८.८.८ करून बघा, म्हणजे बाहेरच्या गुगलच्या सर्व्हरला हाक मारून बघा. उत्तर आलं आणि तरी साइट उघडत नसेल तर गडबड डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधणारी सोय), किंवा मी शेवटी सांगतोय त्या गोष्टीत.

केबलवाल्याची वायर राउटरशिवाय थेट कॉम्प्युटरला येत असेल तर आणखी एक भानगड असते. प्रत्येक लॅन कार्डाला बारा खुणांचा मॅक अ‍ॅड्रेस असतो आणि काही ऑपरेटर त्यांच्याकडे नोंदलेल्या मॅकलाच नेट देतात. कार्ड बदललं की मॅक बदलतो आणि सगळं बरोबर असूनही नेट येत नाही. ऑपरेटरला फोन करून "कार्ड बदललंय, मॅक रीसेट करा" एवढंच सांगा, त्याला कळतं. युजरनेम-पासवर्ड टाकून जोडायचं कनेक्शन असेल तर ते फॉरमॅटमध्ये गेलेलं असतं. 'सेट अप अ न्यू कनेक्शन'मधून 'ब्रॉडबँड पीपीपीओई' नव्याने बनवावं लागतं. तो पासवर्ड कुठल्यातरी जुन्या पावतीच्या मागे लिहिलेला असतो, शोधा.

नेट मधूनमधून तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी असते, ती टिक काढा. गिगाबिट कार्डावर स्पीड १०० एमबीपीएसच दिसत असेल तर वायर तपासा. १००ला आतल्या आठपैकी चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एक तार तुटली तरी कार्ड मुकाट्याने खाली उतरतं. स्पीड हाताने ठरवून ठेवायच्या भानगडीत पडू नका, 'ऑटो निगोशिएशन' राहू द्या.

वायफाय असेल तर

लॅपटॉपच्या कडेला सरकवायचं बटण किंवा एफएन दाबून चालणारी अँटेनाची कळ असते, ती आधी बघा. यावर मी कबूल करणार नाही इतका वेळ घालवलाय.

जुन्या कार्डांना बहुतेकदा २.४ गिगाहर्ट्झच दिसतं. राउटर फक्त ५ वर असेल किंवा सुरक्षा नुसत्या डब्ल्यूपीए ३ वर ठेवली असेल तर नेटवर्कचं नाव दिसणार नाही किंवा जोडणी होणार नाही. राउटरमध्ये २.४ चालू करून डब्ल्यूपीए २ ठेवा. काही जुन्या कार्डांना चॅनल १२ आणि १३ दिसतच नाहीत, म्हणून चॅनल १, ६ किंवा ११ बरा. यूएसबीचं छोटं वायफाय खोचल्यावर वायफायऐवजी सीडी ड्राइव्ह दिसली तर गोंधळू नका, ड्रायव्हर त्याच खोट्या सीडीत असतो.

विंडोजवर कशानेच जमत नसेल तर लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर टाकून, इन्स्टॉल न करता, नुसतं चालवून बघा. रिअलटेक आणि इंटेलची वायरवाली कार्डं तिथे बहुधा काही न करता चालतात. तिथे चाललं तर कार्ड धड आहे, एवढा तरी निकाल लागतो. तसंही विंडोज ७चा सपोर्ट १४ जानेवारी २०२०ला संपला आणि विंडोज १०चाही १४ ऑक्टोबर २०२५ला. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार टाळा.

दुकानातला ड्रायव्हर त्या रात्री साडेअकराला बसला. पोर्टाचा दिवा लुकलुकला, आयपी आला, पिंगला उत्तर आलं. भाच्याने ब्राउझर उघडला आणि परत ओरडला, "मामा, प्रत्येक साइट म्हणतेय कनेक्शन सुरक्षित नाही!"

"खाली उजवीकडे तारीख काय आहे?"

"एक जानेवारी २००९."

बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपला होता. पॉवर केबल काढली की घड्याळ मागे जायचं, आणि २००९ सालात उभं राहून पाहिलं तर आजच्या साइटांची प्रमाणपत्रं अजून लागूच झालेली नसतात. तारीख हाताने बदलली, पान उघडलं. सेल दाजींनी सकाळी शेजारच्या घड्याळवाल्याकडून आणला.